सहावा मुद्दा

वयाच्या बावन्नाव्या वर्षी एम. ए. मराठीचा फॉर्म भरणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्याने : प्रमोशनसाठी का? दुसरा जरा बाजूला घेऊन : घरी सगळं बरं आहे ना? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मी लेखा विभागात नोकरी करते. तिथं प्रमोशन सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे मिळतं आणि त्या यादीत ज्ञानेश्वरांची शिफारस चालत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर परीक्षा जवळ येईपर्यंत 'हो' असंच होतं.

काव्य कशासाठी, याची मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सहा कारणं दिली आहेत : यश, पैसा, व्यवहारज्ञान, अमंगलाचं निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद आणि प्रियेने करावा तसा गोड उपदेश. परीक्षेला हमखास येणारी ही सहा प्रयोजनं पाठ करताना मी ती स्वतःला लावून बघितली. यशाचं निकालानंतर बघू. पैसा फी, गाइडं आणि झेरॉक्स यांच्यात गेला. अमंगलाच्या निवारणाला मयूर कवीचं उदाहरण देतात. त्याने शंभर श्लोकांत सूर्याची स्तुती केली आणि त्याचं कुष्ठ गेलं म्हणे. ती टीप पाठ करताना माझी मान धरली. उपदेश मात्र मुबलक मिळाला. तो प्रियेचा नव्हता, लेकीचा होता, आणि गोड तर अजिबात नव्हता.

लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'आदल्या रात्री' या विषयात तिचा हात धरणारं आमच्या सांगलीत कोणी नसेल. मी भर उन्हाळ्यात लीळाचरित्राच्या प्रस्तावनेला पेन्सिलीने खुणा करत बसलेली पाहून तिने पुस्तक मिटवलं. "आई, सगळं वाचायचं नसतं गं. पीवायक्यू काढ." पीवायक्यू म्हणजे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. तिने त्या काढल्या, कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला आणि कोणता संत किती वेळा आला याच्या उभ्या रेघा मारल्या. मग निकाल दिला. "म्हाइंभट यंदा पक्का. एकनाथ फिफ्टी-फिफ्टी. ज्ञानेश्वरी गेल्या वर्षी येऊन गेलीय, ऑप्शनला टाक."

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"काय टाकायचं म्हणतेय ही?"

"काही नाही आई, परीक्षेचं बोलतोय."

"ज्ञानेश्वरी टाक म्हणाली ना?"

ऑप्शनला टाकणं म्हणजे अवमान नव्हे, हे त्यांना पटवण्यात मुक्तेश्वरांची वेळ गेली. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "टाका बापडे. पण माउलींना टाकून पास झालीस तर पेढे मला नको देऊस." ऐंशीच्या पुढचं वय, रोज हरिपाठ, सगळा पाठ. लोकसाहित्याच्या पेपराला मी गाइड न घेता त्यांनाच विचारलं होतं. जात्यावरच्या ओव्यांचे विषय कोणते, असं विचारल्यावर गाइड सहा सांगतं. त्या दोनच सांगतात, माहेर आणि उरलेलं सगळं.

म्हाइंभटांचं नाव पक्कं झाल्याचा मात्र मला आनंद झाला, कारण माझ्या वयाच्या विद्यार्थ्याला त्यांच्याइतका धीर कोणी देत नाही. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर हा गृहस्थ त्यांच्या आठवणी गोळा करत गावोगाव फिरला. कोणी काय पाहिलं, काय ऐकलं, ते विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन त्याने लीळाचरित्र हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे परचक्रात मूळ पोथीच गेली. मग मंडळींनी आपापल्या आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा केला आणि म्हणून आज आपल्याला त्याचे इतके पाठभेद दिसतात. म्हणजे मराठी गद्याचा पायाच मुळी आठवून आठवून लिहिलेला आहे. आणि प्रत्येकाला थोडं वेगळं आठवलं, याचे कुणीही गुण कापले नाहीत.

लेकीचा पुढचा उपाय 'वन शॉट'चा. संपूर्ण मध्ययुगीन मराठी साहित्य एका व्हिडिओत. मुकुंदराजांपासून मोरोपंतांपर्यंतची सहाशे वर्षं. तीही तिने दीडपट वेगाने लावून दिली. कांदा परतायला घेतला तेव्हा नामदेव पंजाबात होते आणि तो लाल व्हायच्या आत तुकाराम वैकुंठाला गेलेसुद्धा. सांगणाऱ्या सरांना दोष नाही. त्यांना मोरोपंतांच्या आर्या गाठायच्या होत्या.

लोक समजतात, या वयात पाठ होत नाही ही अडचण असते. तसं नाही. ऑफिसातले लेखाशीर्षांचे लांबलचक आकडे मला झोपेतही आठवतात. रसचर्चेतले चौघेही पाठ झाले : भट्ट लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद, अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. लेकीने त्याचं 'उअभुअ' असं करून दिलं. कुणाच्या तरी पोटातून आल्यासारखा तो आवाज वाटतो, पण लक्षात राहतो. त्यातला कुठला 'अ' शंकुकाचा आणि कुठला अभिनवगुप्ताचा, हा प्रश्न उरतो. तो पेपर तपासणाऱ्याने सोडवावा.

अडचण वेगळीच आहे. वीस वर्षांच्या मुलाला उत्तर पाठ होतं आणि तो ते लिहितो. आपल्याला उत्तर पाठ होता होता मध्येच मत येतं. आणि परीक्षेला मत चालत नाही, मुद्दे लागतात.

आता हाच रसाचा प्रश्न घ्या. रस असतो कुठे? मूळच्या रामात, त्याचं सोंग घेतलेल्या नटात, की बघणाऱ्यात? यावर काश्मीरच्या पंडितांनी काही पिढ्या घातल्या. मी हे घोकत बसले होते तेव्हा समोर सासूबाईंची मालिका चालू होती. नायिकेला घराबाहेर काढलं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वास्तविक त्यांना कुणी घराबाहेर काढलेलं नाही. झालंच तर त्यांनीच एकदा माझ्या नणंदेच्या नवऱ्याला काढलं होतं. म्हणजे हे दुःख त्यांचं स्वतःचं नव्हे, नायिकेचं नव्हे, त्या नटीचं तर नव्हेच. शुद्ध साधारणीकरण! अभिनवगुप्त जिंकला म्हणून मी वहीत लिहून घेणार, तोच जाहिरात लागली. डोळे पुसून सासूबाई म्हणाल्या, "दुधाची पिशवी आत ठेवलीस का गं?" अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजून ठेवली आहेत. जाहिरातीचा मान आठवा. पण हे पेपरात लिहिता येत नाही. गाइडात सातच आहेत.

'कोसला'चं त्याहून वाईट झालं. नेमाडेंची ही कादंबरी १९६३ साली आली. मी कॉलेजात असताना वाचली आणि तेव्हा पांडुरंग सांगवीकर म्हणजे आम्ही सगळेच होतो. पुण्यात राहायचं, सगळ्याचा कंटाळा करायचा, कशातच राम नाही हे ओळखायचं. आता उजळणीला तीच कादंबरी घेतली तर माझी नजर सारखी गावाकडे, त्याच्या वडिलांकडे जायला लागली. पैसे कोण पाठवतंय? पोरगं हॉस्टेलात राहून मेसचा कारभार अंगावर घेतंय, त्याचे हिशेब कोण बघतंय? वाचता वाचता मी समासात पेन्सिलीने 'पावत्या?' असं लिहिलं. ऑडिटची सवय. गाइडात 'पांडुरंगचा परात्मभाव' यावर पाच मुद्दे आहेत, 'अस्तित्ववादी जाणिवा' यावर सहा. वडिलांच्या मनिऑर्डरीवर एकही नाही. शिवाय परीक्षेची तयारी म्हणून कोणती कादंबरी नेमावी, तर जिचा नायक पदवी न घेताच गावी परत जातो! अभ्यास मंडळावर कोणी तरी विनोदी माणूस असला पाहिजे.

माझी ही तक्रार ऐकून यजमानांनी मदत करायचं ठरवलं. "मी प्रश्न विचारतो, तू उत्तरं सांग." प्रश्न विचारायचे म्हणून त्यांनी 'कोसला' हातात घेतली. यांनी आयुष्यात पेपरातले अग्रलेख आणि बॅंकेचं पासबुक यापलीकडे फारसं वाचलेलं नाही. दहा मिनिटांनी हसायला लागले. अकरा वाजता जेवणाचं टेबल सोडून पलंगावर गेले. मी बाहेरून विचारलं, "अहो, प्रश्न?" तर म्हणाले, "थांब जरा, हा भाग मजेशीर आहे." मध्यरात्री मी पुस्तक मागायला गेले तेव्हा ते पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी पोचले होते. त्यांनी काही न बोलता पान मिटून घेतलं, पुस्तक काही दिलं नाही. शेवटी परीक्षा ज्यांची नव्हती ते आत कादंबरी वाचत होते आणि जिची होती ती स्वयंपाकघरात भडंग खात 'कोसला : एक आकलन', प्रश्न तिसरा, पाठ करत होती. आमच्याकडचा भडंग लसणाचा आणि तेलाला उदार असतो. अस्तित्ववादाच्या पाचव्या मुद्द्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला आहे, नखासकट.

टोपणनावांचं प्रकरण तर मला लेखाधिकारी म्हणून मंजूरच होत नाही. आमच्याकडे एका माणसाची दोन नावं निघाली की प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद मागतात. इथं कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत, आणि केशवकुमार म्हणजे कोण, तर प्रल्हाद केशव अत्रे. एकाने मराठी कवितेला नवं वळण दिलं. दुसऱ्याने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून त्या वळणावर उभं राहून सगळ्यांची थट्टा केली. गोविंदाग्रज वेगळे, कुसुमाग्रज वेगळे. 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. खानोलकरांची शिस्त मात्र मला आवडली : कादंबरीचं खातं चिं. त्र्यं. खानोलकर या नावावर, कवितेचं आरती प्रभू या नावावर, भानगड नाही. याच केशवसुतांबद्दल वाचताना कळलं की ते मॅट्रिक झाले तेव्हा चांगले तेविशीत होते. ही माहिती मी मोठ्याने वाचली. लेक म्हणाली, "आई, तेवीस आणि बावन्न."

बहिणाबाईंच्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त अडखळले. 'बहिणाबाईंच्या कवितेतील जीवनविषयक तत्त्वज्ञान साधार स्पष्ट करा', गुण १६. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरचं, शेतातलं काम करता करता त्या रचत गेल्या, इतरांनी उतरवून घेतलं आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, सोपानदेवांनी अत्र्यांची प्रस्तावना घेऊन पुस्तक काढलं. जातं ओढताना जे सहज सुचलं त्याचे आम्ही पंख्याखाली बसून 'अ' नियतीविषयक, 'आ' श्रमविषयक, 'इ' स्त्रीजीवनविषयक असे कप्पे पाडणार. वर उत्तराचा शेवट काय करायचा, तर 'अशा प्रकारे बहिणाबाईंचे तत्त्वज्ञान सखोल आहे.' गाइडातल्या प्रत्येक उत्तराचा शेवट 'अशा प्रकारे'ने होतो. मुकुंदराजांपासून ग्रेसपर्यंत सगळे अशा प्रकारेच संपतात.

भाषाविज्ञानाबद्दल मी इथं काही लिहीत नाही. पेपरातही मी फारसं लिहिलं नव्हतं.

विष्णुदास भाव्यांची मात्र चिंता नव्हती. १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचं इथं जे काय चालतं ते बघत आम्ही मोठे झालो. अडचण एवढीच, की टीप चार गुणांची असते आणि सांगलीकराला भाव्यांवर लिहायला घातलं की त्याला पुरवणी लागते. लेकीने बजावून ठेवलं, "अर्ध्या पानात संपव. गावाचा अभिमान दाखवू नकोस, त्याला गुण नाहीत."

आणि हाताचं कोणी सांगितलंच नव्हतं. मी ऑफिसात दिवसभर लिहिते अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी माऊस हलवते आणि लघुस्वाक्षरी करते. सलग तीन तास पेन चालवण्याची सवय कधी सुटली ते कळलंच नाही. सरावाला बसले तर पाऊण तासात तर्जनी आणि अंगठा यांच्यामधला स्नायू गोळा होऊन उभा राहिला. यजमान पलंगावरून 'कोसला' खाली न ठेवता म्हणाले, "बाम लाव." परीक्षेच्या त्या आठवड्यात आमच्या घरात साहित्याचा नाही, तर निलगिरीचा वास होता.

आता 'नटसम्राट'. हे नाटक शेवटी ठेवलं होतं, कारण ते येत होतं. १९७० सालच्या डिसेंबरात पहिला प्रयोग, डॉ. लागू, 'किंग लिअर'ची छाया, सगळं तोंडपाठ. प्रश्नही ठरलेला : गणपतराव बेलवलकरांच्या शोकांतिकेची कारणमीमांसा करा. गाइडाचे पाच मुद्दे : अतिभावनाशीलता, कलावंताचा अहंकार, दोन पिढ्यांमधील अंतर, व्यवहारशून्यता, नियती. ऍरिस्टॉटलचा प्रमाद जाता जाता. मी पाठ करत होते आणि पाठ होत होतं. पण चौथ्या मुद्द्यापाशी माझं डोकं अडलं. व्यवहारशून्यता म्हणजे नेमकी कोणती? निवृत्त झाल्या झाल्या या गृहस्थाने होतं नव्हतं ते मुलांत वाटून टाकलं. हयातीत! स्वतःच्या आणि कावेरीबाईंच्या नावावर काही न ठेवता! आमच्या विभागात निवृत्तीच्या कागदांवर सह्या करताना मी निदान दहा जणांना सांगितलं असेल : साहेब, बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र केलं की त्याच दिवशी हातातून गेलं. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, आणि ते बदलता येतं हे माहीत असल्यामुळे सून चहा वेळेवर देते. बेलवलकरांनी मृत्युपत्र केलं असतं तर नाटक पहिल्या अंकातच संपलं असतं. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाखाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. बेलवलकरांना तो सदतीस वर्षं उशिरा आला. ही शोकांतिका नियतीची कमी आणि मुद्रांकाची जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. रात्रीचा एक वाजला होता. मत ऑप्शनला टाकून मी झोपले.

सकाळी केंद्रावर गेले. बाकीची सगळी बाविशी-तेविशीतली मुलं-मुली. त्यांनी मला पाहिलं आणि घोळका करून आली. माझे पांढरे केस, चष्मा आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवलेले कागद यांवरून त्यांचा काही तरी समज झाला असावा.

"काकू, आयएमपी आहेत का?"

कुणाला 'कोसला' हवी होती, कुणाला भावे. भाव्यांवर मी उभ्या उभ्या पाच मिनिटं बोलले. लेक नव्हती तिथं. एका मुलाने विचारलं, "नटसम्राटचे किती मुद्दे आहेत?" मी म्हटलं, पाच. तो म्हणाला, "आमच्या सरांनी पण पाचच दिलेत. सहावा असेल तर जरा वेगळं उत्तर वाटतं, काकू." मग मला राहवलं नाही. मी त्यांना बक्षीसपत्राचं सांगितलं, मृत्युपत्राचं सांगितलं, तेविसावं कलमही सांगितलं. मुलं हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी वह्या काढल्या. एकीने 'बक्षीसपत्र' हे अक्षर अक्षर लावून लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. घंटा झाली.

प्रश्न आला. मी पाच मुद्दे लिहिले आणि हात चालत होता तोवर सहावाही लिहून टाकला. डाव्या बाजूच्या बाकावरचा मुलगा भराभर लिहीत होता. मागच्या रांगेतली मुलगी पुरवणी मागत होती. नंतर समजलं की दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्येही, जिथं मला कोणी पाहिलेलं नव्हतं, सहावा मुद्दा पोचला होता.

पेपर सुटल्यावर तो सकाळचा मुलगा जिन्यात भेटला. खुशीत होता.

"काकू, मस्त गेला! तुमचा मुद्दा मी पहिलाच टाकला. दीड पान लिहिलं."

"अरे वा."

"उद्याच्या पेपरचे पण सांगा असले." दोन पायऱ्या उतरून तो परत वळला. "पण काकू, बक्षीसपत्र म्हणजे काय असतं?"